संडास-लघवीची शुश्रूषा: काय लागतं, किती लागतं

घरातल्या आजारी माणसासाठी बाई ठेवायची ठरली की बोलणी एका ठरलेल्या रस्त्याने जातात. किती वाजता येणार, कधी जाणार, जेवण कुणाकडे, महिन्याचे किती. गोळ्या देता येतात का, साखर तपासता येते का, हेही कुणी विचारतं. संडास-लघवीचं मात्र उघड कुणी बोलत नाही. ‘सगळंच करावं लागेल हं’ एवढ्या वाक्यात तो विषय गुंडाळला जातो. मग आठव्या दिवशी बाई म्हणते, हे माझ्या कामात नव्हतं. घरचे म्हणतात, आम्ही सांगितलं होतं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते आबाजी ओल्या चादरीवर पडून दोघांचंही ऐकत असतात.

हे काम काय असतं, त्याला काय वस्तू लागतात, पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, याचा वर्धा जिल्ह्यातल्या घराच्या हिशेबाने केलेला हा विचार. इथले भाव ढोबळ आहेत. दुकान, कंपनी, गाव बदललं की ते बदलतात. वर्धा शहरात जे सहज मिळतं ते आष्टी-कारंजाला मागवून घ्यावं लागू शकतं. आकडा पाठ करण्यापेक्षा हिशेबाची पद्धत लक्षात ठेवा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: पहिला पैसा डायपरवर घालू नका. माणूस स्वतः, आधार घेऊन का होईना, संडासात किंवा कमोडच्या खुर्चीवर बसू शकेल यावर घाला. त्यात त्याची लाज राहते, आणि महिन्याच्या शेवटी खर्चही तिथेच सगळ्यात कमी होतो.

आधी डॉक्टर, मग दुकान

परवापर्यंत नीट जाणारी माणसं अचानक कपड्यात लघवी करू लागली तर ‘आता वय झालं’ म्हणून डायपरचं पाकीट आणणं ही सगळ्यात महाग चूक. लघवीचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ, रक्तदाबासाठी सुरू केलेली लघवी वाढवणारी गोळी, लहानसा पक्षाघात, यांपैकी काहीही कारण असू शकतं. यातली बरीच कारणं उपचाराने सुटतात. निदान कमी तरी होतात.

एक कारण घरोघरी चुकीचं समजलं जातं. आजी चार-पाच दिवस नीट संडासला गेलेल्या नसतात आणि मग दिवसभर थोडं थोडं पातळ गळत राहतं. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. गोळीने तो आणखी घट्ट होतो. अंथरुणावरच्या माणसाचं पातळ गळू लागलं की गोळीआधी डॉक्टरांना पोट आणि गुदद्वार तपासायला सांगा.

या तपासणीला खर्च किती? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या निःशुल्क आहेत. म्हणजे गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, हिंगणघाट-आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या संस्थांची रुग्णालयं आहेत. तिथले दर वेगळे, ते तिथल्या नोंदणी खिडकीवर विचारून घ्यावेत. खासगी लॅबमध्ये लघवीची साधी तपासणी शंभर-दोनशे रुपयांत होते. एका महिन्याच्या डायपरपुढे ही रक्कम काहीच नाही.

रुग्ण दवाखान्यात भरती असेल तर आणखी एक फुकटची गोष्ट पदरात पाडून घ्या. सुट्टी व्हायच्या आधीचे एक-दोन दिवस वॉर्डातल्या सिस्टरना सांगा: ‘ताई, बेडपॅन कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, पॅड कसं बदलायचं, हे आम्हाला करून दाखवा आणि आमच्याकडून एकदा करून घ्या.’ घरी जो खरोखर हे करणार आहे त्यानेच तिथे उभं राहावं. बहुतेक वेळा कागदपत्रांसाठी मुलगा येतो आणि शुश्रूषा सून करते. तिला कुणी काही दाखवलेलंच नसतं.

संडासापर्यंतची वाट

आपल्याकडच्या खेड्यांत संडास बहुतेकदा अंगणाच्या टोकाला असतो. मध्ये उंबरठा, पायरी, ओली फरशी. आत भारतीय बैठकीचं भांडं. गुडघे गेलेल्या किंवा अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला ही पंधरा पावलं अशक्य होतात, म्हणून तो खाटेवरच करायला लागतो. ते थांबवणं अनेकदा हजार-दोन हजारांचं काम असतं.

भिंतीला आडवा-उभा पकडायचा दांडा पाचशे ते दीड हजारांत मिळतो, बसवणावळ वेगळी. तो विटेच्या भिंतीत पक्का बसला पाहिजे. हलता दांडा नसलेला बरा. भारतीय भांड्यावर ठेवायचा कमोडचा स्टूल सहाशे ते दीड हजारांना येतो आणि बांधकाम न तोडता बसायची उंची मिळते. खाटेशेजारी ठेवायची, खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची साधारण अठराशे ते चार हजार. चाकांची महाग पडते, पण घेतली तर चाकांना ब्रेक आहे का हे दुकानातच दाबून पाहा. खुर्चीचे हात बाजूला होणारे असतील तर खाटेवरून सरकून बसता येतं, उचलावं लागत नाही. पायरीच्या जागी सिमेंटचा उतार, वाटेत रात्री जळणारा छोटा दिवा, पायाखाली न घसरणारी चटई, यांचा खर्च गवंड्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीच्या आसपास राहतो.

कपड्यांकडे कुणी पाहत नाही. पायजम्याची नाडी सुटेपर्यंत लघवी होऊन जाते आणि सगळे म्हणतात, आबाजींना आता कळत नाही. त्यांना कळतं, बोटं चालत नाहीत. नाडीच्या जागी इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी लावून घ्या, शिंपी शंभर रुपयेही घेणार नाही. नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या आजींना गाऊनची सवय लावायची तर आधी त्यांना विचारा. काहींना गाऊनमध्ये पाहुण्यांपुढे बसणं डायपरपेक्षा जास्त लागतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे धुतल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, नुसत्या कागदाने पुसून तर अजिबात नाही. पण पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या माणसाला आयुष्यभराची धुण्याची सवय सोडून त्याच कामाला उजवा हात लावावा लागतो. त्यामुळे अनेक जण जेवताना हात आखडता घेतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. तीनशे ते सहाशे रुपयांचा जेट स्प्रे, तोही उजव्या हाताला येईल असा बसवलेला, या माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः करू देतो. खाटेवर असेल तर बारीक तोंडाची पाण्याची बाटली चालते. जे तो स्वतः करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेऊ नका, दुप्पट वेळ लागला तरी.

आणि वेळा बांधा. सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, मग दर दोन-तीन तासांनी, झोपायच्या आधी. खाल्ल्यावर आतड्याची हालचाल वाढते म्हणून नाश्त्यानंतरची वेळ संडाससाठी सगळ्यात चांगली. चार-पाच दिवस वहीत कधी झाली ते लिहा, त्या माणसाचा स्वतःचा क्रम दिसतो. त्या क्रमाच्या थोडं आधी बसवलं की दिवसा कपडे भरणं बरंच कमी होतं. याला एक पैसाही लागत नाही. लागतो तो कुणाचा तरी वेळ. पाणी कमी करून लघवी कमी करायचा उपाय करू नका. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर नाहीच. पाणी तोडलं की लघवी गडद, जळजळीत होते, संसर्ग होतो, संडास घट्ट होते. संध्याकाळनंतरचं पाणी थोडं दुपारकडे सरकवा, तेवढं पुरे.

डायपरचा हिशेब

डायपर वाईट नाही. रात्री, प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत तो माणसाला दिलासा देतो. वाईट तेव्हा होतो जेव्हा उठवायचा कंटाळा येतो म्हणून, संडासला जायची इच्छा सांगणाऱ्या माणसाला ‘त्यातच करा, बदलू नंतर’ म्हटलं जातं. महिन्याभरात तो माणूस सांगणंच सोडून देतो, आणि त्यानंतर त्याला पुन्हा सवय लावणं फार अवघड.

डायपर दोन तऱ्हेचे असतात. चिकटपट्ट्यांचा, जो झोपलेल्या माणसाला बांधता येतो, आणि चड्डीसारखा, जो चालत्या-फिरत्याला बरा. एकाची किंमत साधारण तीस ते साठ रुपये. माप वजनावरून नाही, कंबर-नितंबाच्या घेरावरून घ्या. मोठा घेतला तर जास्त शोषतो हा गैरसमज आहे, तो मांडीपाशी गळतो. आधी लहान पाकीट घेऊन पाहा, मग मोठं. पाकिटावरच्या किमतीला डायपरच्या संख्येने भागून एकाचा भाव काढा, कारण सवलतीचं मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुनी छापील किंमत लावत असेल तर विचारा. जनऔषधी केंद्रातही मोठ्यांचे डायपर येतात का ते पाहावं.

आता महिना मांडू. पूर्ण खाटेवरचा माणूस, दिवसाला ४ डायपर, एक ४० रुपयांचा: महिन्याला ४,८००. खाली टाकायचे अंडरपॅड रोज २, एक २५ रुपयांचं: १,५००. हातमोज्यांचे १०० चे तीन डबे, ३०० प्रमाणे: ९००. मलम, सौम्य साबण, कापूस, पिशव्या: ५००. एकूण ७,७०० रुपये.

तोच माणूस दिवसा वेळेवर कमोडच्या खुर्चीवर बसवला जातो आणि डायपर फक्त रात्री: १,२००. रोज एक अंडरपॅड: ७५०. हातमोजे ४५०, बाकी किरकोळ ४००. एकूण २,८००. फरक ४,९०० रुपयांचा. तीन हजारांची खुर्ची पहिल्याच महिन्यात फिटली. ज्याला बसताच येत नाही त्याला अर्थातच पहिला हिशेब लागू, आणि तिथे डायपरमध्ये काटकसर करू नये. लघवीचा डायपर दिवसातून तीन-चारदा बदलायचा, संडास झाली की लगेच. रात्रभराच्या ओल्या डायपरने वाचलेले चाळीस रुपये पुढे जखमेच्या ड्रेसिंगवर कितीतरी पटीने जातात.

जुन्या मऊ सुती लुगड्याच्या घड्या आणि खाली मेणकापड, ही आपल्या घरांतली जुनी पद्धत आजही चांगली आहे. कातडीला हवा लागते, पुरळ कमी येतं. मेणकापड किंवा रबरी शीट मीटरला दीड-दोनशेला मिळते. फक्त ही पद्धत फुकट आहे असं म्हणू नका. रोज दहा-बारा फडकी धुवायची, उकळत्या पाण्यातून काढायची, उन्हात वाळवायची, हे कुणीतरी करतं, आणि घरात ती जवळजवळ नेहमी एकच बाई असते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा चार महिने डायपर आणि बाकी आठ महिने कापड, अशी विभागणी पुष्कळ घरांना परवडते.

उरलेलं सामान थोडक्यात. पुरुषांसाठी लघवीचं भांडं ६० ते २०० रुपये, प्लॅस्टिकचं बेडपॅन १५० ते ३००, स्टीलचं चारशेच्या पुढे. स्टीलचं थंडीत अंगाला गार लागतं, आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावं. हवेची गादी दोन ते साडेतीन हजार. दवाखान्यासारखी खाट विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का ते पाहा, महिना दीड ते तीन हजारांच्या घरात भाडं असतं. गरज किती महिन्यांची आहे हे सुरुवातीला कुणालाच माहीत नसतं.

माणसाची मजुरी

सकाळ-संध्याकाळ दीड-दोन तास येऊन अंघोळ, संडास-लघवी, कपडे बदलून जाणाऱ्या मावशींना जिल्ह्यात महिना साधारण चार ते सात हजार. बारा तासांच्या पाळीला दिवसाचे पाचशे ते आठशे, म्हणजे महिना पंधरा ते चोवीस हजार. चोवीस तास राहणाऱ्या बाईला जेवणखाण सोडून अठरा ते पंचवीस हजार. प्रशिक्षित नर्स याहून बरीच महाग, आणि संडास-लघवीच्या कामासाठी नर्स लागत नाही. कॅथेटर, नळी, खोल जखम असेल तरच तिचा विचार करा. नागपूरच्या नर्सिंग ब्युरोकडून माणूस आणला तर प्रवास, राहणं आणि ब्युरोची नोंदणी फी वर येते.

मला सकाळ-संध्याकाळची पद्धत बहुतेक घरांसाठी योग्य वाटते. संडास नाश्त्यानंतर होते, तेव्हा मावशी हजर असतात. रात्रीची तयारी त्या करून जातात. मधल्या वेळी घरचं माणूस खुर्चीवर बसवायला पुरतं. बारा तासांच्या पाळीतले बरेच तास बाई नुसत्या बसून असतात आणि घरचे ‘पैसे देतोय ना’ म्हणून त्यांना भांडी, झाडू, स्वयंपाक लावतात. ज्या हातांनी पॅड बदललं त्याच हातांनी भाजी चिरायला लावणं आरोग्याच्या दृष्टीनेही चूक.

सावंगी आणि सेवाग्राम या दोन मोठ्या रुग्णालयांमुळे वर्ध्याच्या आसपास हे काम जवळून पाहिलेली माणसं मिळायची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा कौशल्य प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेली मुलं-मुली शोधा. त्यात रुग्णाच्या मलमूत्राची काळजी हा स्वतंत्र पाठच असतो. प्रमाणपत्र पाहाच, पण पहिल्या दिवशी समोर करून दाखवायला सांगा, आणि ते ज्याच्या अंगावर होणार आहे त्याची परवानगी घेऊन. पुरुषाला बाई चालेल का, आजींना ब्रदर चालेल का, हे पैशांआधी त्यांना विचारायचं. एका आजींनी ‘मला मुलगा नको’ म्हटलं तर तो हट्ट नसतो.

ठरलेलं कागदावर लिहा. दिवसातून किती वेळा बसवायचं. भांडं कोण रिकामं करणार. भरलेले कपडे कोण धुणार. हातमोजे कुणी आणायचे (घरच्यांनी, हे माझं ठाम मत). सुट्टीला बदली कोण. रुग्णाचे मोबाइलवर फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, हेही लिहा. आणि घरच्यांसाठी एक ओळ: देखरेखीचा कॅमेरा लावला असेल तर खाटेवर कपडे बदलताना तो बंद. पुण्यात बसलेल्या मुलाला आईची काळजी असते हे खरं, पण आईला ते उघडं चित्र कुठे कुठे दिसतंय ही काळजी असते, तीही खरी.

कोणत्या समाजाची बाई आहे हे ब्युरोला विचारू नका, आणि ‘त्या’ कामासाठी वेगळी, कमी पैशांची बाई शोधू नका. १९४६ नंतर विनोबा पवनारहून रोज चालत सुरगावला जाऊन गावाचा मैला साफ करत, आणि सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाची सेवा स्वतः करत, हे आपण शाळेत शिकलो. त्याच जिल्ह्यात या कामाचा दर स्वयंपाकाच्या दरापेक्षा कमी असतो. तो जास्त असायला हवा. काम कष्टाचं, जोखमीचं आणि कौशल्याचं आहे. आठवड्याची सुट्टी द्या. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस झाले नसतील तर त्यांचा खर्च उचला. जड माणूस एकटीला उचलायला लावू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवायचं, नाहीतर तिची कंबर जाते आणि तुमची बदली बाईची शोधाशोध पुन्हा सुरू होते.

करताना

दार किंवा पडदा लावून घ्या. मोठ्या घरातही हे राहून जातं, कारण खाट हॉलमध्ये असते. दोन खुंट्या आणि जुनी साडी एवढ्यात आडोसा होतो. हात लावण्याआधी सांगा: ‘मामाजी, आता कूस बदलते’, ‘आई, पाणी लावते, कोमट आहे.’ वरचं अंग पांघरलेलं ठेवा, लागेल तेवढंच उघडा. बायकांना नेहमी पुढून मागे धुवायचं, उलट केलं तर संडासचे जंतू लघवीच्या वाटेकडे जातात. कपड्याने घासू नका, टिपून कोरडं करा. सांध्यात ओल राहू देऊ नका. झिंकचं मलम किंवा व्हॅसलिनचा पातळ थर चालतो. टाल्कम पावडर नको, ती ओलीत गोळा होऊन कातडी घासते. जंतुनाशकही थेट अंगाला नको.

पाठ, माकडहाड, टाचा रोज पाहा. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडत नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस बदला आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि भाषा. ‘पुन्हा घाण केली’ हे वाक्य घरात बंद करा. पाहुण्यांसमोर ‘आज तीनदा झाली’ असा अहवाल देऊ नका. विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं भरलेले कपडे गादीखाली लपवतात, त्यावर रागावू नका. त्यांना बाकी काही आठवत नसलं तरी लाज आठवते. वास आला तर नाक दाबून खोलीत शिरू नका, खिडकी आधी उघडून ठेवा.

लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, ही शुश्रूषेच्या सोयीसाठी घालायची गोष्ट नाही. लघवी अडली असेल किंवा जखम कोरडी ठेवायची असेल तर डॉक्टर घालतात. नळी आणि पिशवी मिळून सामान दोन-अडीचशेपासून सुरू होतं, पण संसर्ग झाला तर भरती व्हावं लागतं. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू न देता. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची. पुरुषांना बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर चालेल का ते जरूर विचारा, ते स्वस्त आणि कमी जोखमीचं.

वापरलेल्या डायपरमधली संडास आधी संडासात टाका, मग डायपर गुंडाळून कागदात बांधून वेगळा द्या. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो असा बांधूनच द्यायचा असतो. डायपर संडासात सोडला तर खड्डा किंवा नळ तुंबतो. गावात घंटागाडी येत नसेल तर विहिरीपासून लांब खोल पुरावा, जाळू नये.

कुठून किती मिळतं

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्य खरेदीसाठी एकदा ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. यादीत कमोडची खुर्ची आहे. अर्ज समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे. खरेदीचं बिल जपून ठेवा. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीच्या वरच्या गरजू ज्येष्ठांना शिबिरांतून साहित्यच दिलं जातं, त्यात कमोडची चाकाची खुर्चीही येते. मोजमापाचं शिबिर कधी आहे हे ग्रामपंचायतीत विचारत राहावं.

पक्षाघाताने किंवा अन्य कारणाने कायमचं अपंगत्व असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या, बाकीची दारं त्याने उघडतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून कठडा, उतार, कमोड मागता येतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांचा मासिक आधार तहसील कार्यालयातून मिळतो. घरात संडासच नसेल तर स्वच्छ भारत अभियानातून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये मिळतात. बांधतानाच दार रुंद आणि पायरी बिनउंचीची ठेवा. पगारदार मुलांना जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

मुलं खर्चच उचलत नसतील तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी अशी तीन उपविभागीय कार्यालयं जिल्ह्यात आहेत. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरू शकतो आणि त्यात वैद्यकीय शुश्रूषा धरलेली आहे. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पैसे घेऊन काम झालं नाही तर

ब्युरोला पैसे खात्यावरून किंवा यूपीआयने द्या आणि पावती मागा. ‘बदली माणूस देऊ’ असं सांगून दिला नाही, अनुभवी म्हणून नवखा पाठवला, निष्काळजीपणाने जखम झाली, तर ती सेवेतली त्रुटी ठरते. आधी ब्युरोला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. जखमेचे तारीखवार फोटो हा पुरावा होतो, पण तेवढ्याच जागेचे घ्या, चेहरा नको.

तुम्ही थेट घरी ठेवलेल्या मावशींबाबत हा रस्ता चालत नाही, कारण व्यक्तिगत नोकरीचा करार ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. तिथे तुम्ही ग्राहक नसून मालक असता. म्हणून पहिला महिना संपला की रुग्णाला एकांतात, मावशी आणि सून दोघीही खोलीत नसताना विचारा: पाणी गरम असतं का, थांबावं लागतं का, लाज वाटेल असं कुणी बोलतं का. मग मावशींनाही वेगळं बसवून विचारा, हातमोजे पुरतात का, उचलायला कुणी येतं का. दोघांची उत्तरं मिळाली की सुरुवातीला लिहिलेल्या कागदात लागेल ती ओळ बदला आणि दुसऱ्या महिन्याचे पैसे त्याच दिवशी द्या.